घशाखाली न उतरणारा घास

मुलांनो, एका जंगलात (आपल्याकडे असं काही घडत नाही, म्हणून जंगलातच) धुंडिराज नावाचं एक रानडुक्कर राहत होतं. चाळिशी उलटली आणि धुंडिराजाचा घास अडकू लागला. मऊ शिजवलेला कंदसुद्धा छातीपाशी थबकायचा. बिचारा जेवायला बसे आणि डोळ्यांत पाणी आणून उठे.

दसऱ्याच्या पंगतीत सगळ्यांदेखत तसंच झालं. त्याने पत्रावळ बाजूला सारली. शेजारी कोल्हा होता. तो उठून म्हणाला, "मंडळी, ससे उपाशी आहेत म्हणून धुंडिराजांच्या घशाखाली घास उतरत नाही."

पंगतीला गहिवर आला. धुंडिराजाला जागच्या जागी सरपंच केलं गेलं. ससे उपाशीच राहिले, कारण त्यांना जेवू घालायचं कुणाला सुचलंच नाही.

धुंडिराज वाळत चालला. जंगल म्हणे, काय ही करुणा. हळूहळू त्यालाही ते पटू लागलं. बायको सगुणाबाई मात्र फटकळ.

"अहो, सशांची काळजी मलाही आहे. पण मी दोन वेळा जेवते. आधी घसा दाखवा."

वैद्य होता रोहित पक्षी. मान लांब, शिवाय दर हिवाळ्यात परदेशातून येणारा, त्यामुळे त्याच्या शब्दाला वजन.

"तुमच्या पुढच्या उजव्या पायाला रक्त नेणारी धमनी जन्मापासूनच वाट चुकली आहे," तो म्हणाला. "अन्ननलिकेच्या मागून जाते आणि तिला दाबते. वयामुळे ती ताठ झाली, म्हणून त्रास आत्ता सुरू झाला."

"म्हणजे करुणा नाही?" धुंडिराज हिरमुसला.

"नाही. धमनी. शस्त्रक्रियेनं तिची वाट बदलता येईल."

सरपंचपद की जेवण? धुंडिराजाने तीन दिवस विचार केला. चौथ्या दिवशी भुकेनेच काय ते ठरवलं.

बरा झाल्यावर पहिल्याच पंगतीत त्याने आधी सशांपुढे टोपलीभर कंद ठेवले. भूक म्हणजे काय, ते त्याला आता पुरतं कळलं होतं. ससे पोटभर जेवले. मग तो स्वतः बसला आणि त्याने अकरा कंद सटासट गिळले. इतकं सुख त्याला जन्मात झालं नव्हतं.

पंगत गार पडली.

"दगडाच्या काळजाचा आहे हो हा," ससे ढेकर देत म्हणाले.

त्याच पंगतीत धुंडिराजाचं पद गेलं आणि कोल्हा सरपंच झाला. तेव्हापासून कोल्ह्याला चारचौघांत घास गिळता येत नाही, आणि कुणी वैद्याचं नाव काढलेलं त्याला खपत नाही.

तात्पर्य: करुणा शस्त्रक्रियेने बरी होते. म्हणून पदावर असेपर्यंत घसा दाखवू नये, आणि बरं वाटलंच तर दार लावून जेवावं.