बाधामुक्त फ्लॅट, रेंज फुल्ल

माणसाला संरक्षण हवेच असते. त्याने काही अडू नये, एवढीच त्याची अट असते.

२००९ साली बदलापुरात आमच्या समोरच्या इमारतीवर मोबाइलचा टॉवर उभा राहिला, तेव्हा सोसायटीने संरक्षणाचा ठराव एकमताने मंजूर केला (बाजूने तेवीस, उरलेले चहापुरते आले होते).

अंबरनाथच्या एका रंगाच्या कारखान्यातला केमिस्ट साईनाथ नमुना घेऊन हजर झाला. रंगात कार्बनचे कण कालवलेले, इतके बारीक की केसाच्या जाडीत हजारो मावावेत. हे कण एकमेकांना धरून भिंतभर साखळी करतात, तिच्यातून वीज वाहते आणि बाहेरच्या लहरी आल्या पावली परत जातात. साईनाथला मालकाने बजावले होते : एका तरी सोसायटीचे पसंतीपत्र आण, नाहीतर एक तारखेपासून येऊ नकोस.

पत्रक त्याने शब्दकोश उघडून शुद्ध मराठीत लिहिले : ‘विद्युतचुंबकीय बाधेपासून संपूर्ण मुक्ती’. सगळा घोळ त्या शुद्धतेचा. सेक्रेटरी राजेंद्र तांब्यांच्या आई, माई, यांनी त्यातला एकच शब्द वाचला.

“बाधा बाईची का पुरुषाची?”

“टॉवरची, माई.”

“मग उतारा कुठल्या वारी टाकायचा?”

“उतारा नाही. रंगाचे दोन हात. मध्ये चार तास वाळू द्यायचं.”

“म्हणजे कडक आहे,” माई म्हणाल्या.

प्रयोगासाठी तांब्यांचाच फ्लॅट निवडला गेला (असा नियम नाही, परंपरा आहे). भिंती, छत, दारे काळी झाली, खिडक्यांना तारेची जाळी लागली. साईनाथने मीटर लावला. शंभरातल्या नव्व्याण्णव लहरी बाहेर. त्याचे डोळे भरून आले.

माईंच्या मस्कतच्या लेकीचा रविवारचा फोन मात्र आला नाही. घरातल्या एकाही मोबाइलला रेंज नव्हती. चौकशी समिती बसली. निष्कर्ष : रंगापूर्वी बाधा आढळली नव्हती, रंगानंतर आढळली.

“अहो, लहरी अडल्या म्हणूनच फोन बंद पडले. रंग पास झालाय,” साईनाथ म्हणाला.

“टॉवरच्या अडवा म्हटलं होतं,” राजेंद्र म्हणाले. “फोनच्या अडवायला कुणी सांगितल्या?”

“त्या एकच आहेत, साहेब.”

“मग तसं पत्रकात लिहायचं ना.”

पसंतीपत्र मिळाले नाही. एक तारीख मात्र वेळेवर आली.

पुढे उल्हासनगर कॅम्प दोनमधल्या किसनचा ‘सुपर नॅनो’ आला. काळा डिस्टेंपर, डब्यावर चंदेरी स्टिकर. साईनाथचा रंग खरवडून, जाळ्या काढून किसनच्या रंगाचे दोन हात दिले. रेंज फुल्ल. माईंच्या लेकीचा फोन आला आणि बाधा गेली. पसंतीपत्र त्याच दिवशी निघाले, सोबत सगळ्या फ्लॅटांची ऑर्डर. किसनने मग मोबाइलच्या पाठीला चिकटवायच्या किरणरोधक चकत्याही काढल्या.

साईनाथ आता किसनकडेच आहे. माल तपासायचे काम त्याच्याकडे : मीटर लावायचा आणि एखादी लहर अडली, की माल बाद.

तुमच्याही मोबाइलला अशी चकती असेलच. शंका असेल तर शेजारच्या फोनवरून स्वतःला एक रिंग देऊन बघा. वाजली, तर निश्चिंत राहा. माल साईनाथने तपासलेला आहे.