शिवम्माचा टँकर

यंदाचं लोणचं आपण एकट्यानं घालणार, असं नागप्पानं सगळ्या गल्लीला सांगून टाकलं होतं. त्याची बायको शिवम्मा जाऊन चार महिने झाले होते. चाळीस वर्षं तिच्या हाताखाली कैऱ्या फोडल्या, मग लोणच्यात अवघड ते काय, असं त्याचं म्हणणं. त्या सकाळी त्यानं फोडींना मीठ-हळद चोळली, पातेलं भरलं, वर ताट घालून वजन ठेवलं, सगळं कोठीत सारलं आणि शेजारच्या छबुबाईला मुद्दाम हाक मारली.

"झालं. लई अवघड म्हणत होत्या तुमी बाया."

"उद्या-परवा पाणी सुटतंय का बघा, भावजी," छबुबाई म्हणाली. "तिच्या हाताला सुटायचं."

दुपारी तो ओट्यावर बसला होता. वर चढावर टँकर विहिरीत रिकामा होत होता. बाया सगळ्या तिकडंच होत्या, गल्लीत कुणी नव्हतं. तेवढ्यात टँकर उतारावरून खाली येताना त्याला दिसला. इंजिनाचा आवाज नव्हता. आत माणूस नव्हता. तुटलेला पाइप मागं फरफटत होता. कडुलिंबापाशी रस्ता वळतो. सरळ गेलं तर नाला. टँकर सरळ गेला नाही. पाहुणा घर शोधत यावा तसा सावकाश वळला आणि नागप्पाच्या स्वयंपाकघराच्या भिंतीत शिरला.

धूळ बसल्यावर नागप्पा आत गेला. चुलीपुढं शिवम्मा ज्या पाटावर बसायची, त्याच्या वीतभर अलीकडं टँकरचं नाक थांबलं होतं. पाट जागचा हललेला नव्हता. फळीवरची तिची घागर खाली पडली होती, पण उभीच पडली होती. टाकीचं झाकण उडून पाणी टपावरून पुढं आलं होतं आणि बॉनेटवरून थेंब थेंब त्या घागरीत पडत होतं. तो बघत उभा राहिला. घागर भरली आणि गळती थांबली.

तोवर दारात माणसं जमली होती. कुणी उंबऱ्याच्या आत येईना.

"म्हणायचीच ती," छबुबाई हळूच म्हणाली. "डोक्यावर घागर घेऊन उतरताना रोज म्हणायची. एक दिवस ह्यो टँकर माझ्या चुलीपाशी आणून उभा करीन."

ड्रायव्हर बजरंग घामानं निथळत होता. "मामा, म्या चाकापुढं दगड लावलता. हँडब्रेक ढिला हाय, रोज लावतो. मग झाडाखाली चहाला बसलतो."

विहिरीपासून कडुलिंबापर्यंत सगळ्यांनी शोधलं. दगड नव्हता.

"दगड काय चालत गेला का बे?" टँकरचे मालक विठ्ठलराव म्हणाले. "तीन दिवसांत दाखव. न्हाईतर चावी ठेवून घरी जायचं."

"मामीनं काढला असंल, मालक," बजरंग म्हणाला. म्हणताना त्याला ते नुसतं सुचलं होतं. संध्याकाळपर्यंत त्याचा त्यावर विश्वास बसला.

छबुबाईनं उपाय काढला. "परवा अमावस्या हाय, भावजी. उंबऱ्यात खिळा ठोकू. मग यायची न्हाई. आज भिंत पाडली, उद्या माणूस न्हेईल."

"घर तिचंच हाय," नागप्पा म्हणाला. "यायचं तर येऊ द्या."

आजारी माणसाकडं बघावं तसं सगळ्यांनी त्याच्याकडं बघितलं.

क्रेन बीडहून यायची होती. तोवर टँकर तिथंच राहिला. नागप्पा पाटासमोर बसून भाकरी खायचा. टँकरचा एक दिवा फुटला होता, दुसरा त्याच्याकडं बघायचा. "एवढं पाणी कशाला आणलंस," तो एकदा म्हणाला, आणि कुणी ऐकलं का म्हणून मागं वळून पाहिलं. भीती वाटत नव्हती. चार महिन्यांत पहिल्यांदा त्याला घरात कुणीतरी आहे असं वाटत होतं.

अमावस्येच्या सकाळी त्याला लोणच्याची आठवण झाली. त्यानं कोठीत जाऊन ताटावरचा दगड उचलला. फोडींना छान पाणी सुटलं होतं. मग त्याचं लक्ष दगडाकडं गेलं. एका अंगाला टायरचा काळा डाग होता.

त्याला आठवलं. त्या सकाळी मोहरी घेऊन येताना विहिरीपाशी, उभ्या टँकरच्या चाकापासून बोटभर अंतरावर, हा दगड पडलेला होता. चांगला चपटा. लोणच्यावर ठेवायला बरा, म्हणून तीन ठिकाणी दम खात त्यानंच तो घरी आणला होता. ढिल्या ब्रेकनं मग दुपारपर्यंत कसातरी तग धरला असेल.

म्हणजे शिवम्मा आली नव्हती.

गप्प बसावं, असं त्याला वाटलं. पण बाहेर हातोडीचा आवाज झाला. छबुबाई खिळा घेऊन आली होती, मागं विठ्ठलराव आणि चावी हातात धरून बजरंग उभे होते. खिळा बसला तर ती कधीच यायची नाही, आणि तेही तिनं न केलेल्या कामाबद्दल. नागप्पानं दगड पोटाशी धरून आणला आणि उंबऱ्यावर ठेवला.

"ह्यो दगड म्या नेलता. लोणच्यावर ठेवायला. तिचा काही संबंध न्हाई. बजरंगाचाबी न्हाई."

विठ्ठलरावांनी दगड उलटा करून डाग पाहिला. "नागप्पा, पिठाचा डबा उचलताना तुला धाप लागते. हा तू आणलास?"

"बायकोला वाचवायलेत," बजरंग म्हणाला. "मामीनंच ठिवला कोठीत."

छबुबाई आत जाऊन पातेलं बघून आली. तिनं खिळा पदरात बांधून टाकला.

"पाणी सुटलंय. भावजींच्या हाताला सुटलं असतं व्हय? नवऱ्याचं लोणचं घालून गेली बाई. तिला कोण खिळा ठोकतंय."

दगड सापडला होता, त्यामुळं बजरंगाची चावी बजरंगाकडंच राहिली. पुढच्या आठवड्यापासून तो टँकर आधी नागप्पाच्या दारात थांबवू लागला. पडक्या भिंतीला लावलेल्या ताडपत्रीकडं बघून म्हणायचा, "मामी, आधी तुमचं." नागप्पानं त्याला दगडाचं पुन्हा दोनदा सांगून पाहिलं. तिसऱ्या दिवशी तो घागर घेऊन बाहेर आला. कडुलिंबापाशी टँकर का वळला, हे त्याला कुणी विचारलं नाही, आणि विचारलं असतं तर त्याला सांगता आलं नसतं.

लोणचं मुरल्यावर त्यानं छबुबाईला वाटीभर दिलं. तिनं फोड चाखली, थोडं तोंड वाकडं केलं.

"मीठ जरा जास्त झालंय, भावजी."

"सांगतो तिला," नागप्पा म्हणाला.