भुकटी खाली बसली

"वजनाला ॲल्युमिनियम आणि ताकदीला पोलादाच्या तोंडात मारेल! असा धातू या गल्लीत माझ्याशिवाय कुणाला जमणार?"

"जेवून घ्या," बायको म्हणाली.

गल्लीने त्याचं नाव संशोधक ठेवलं होतं. धंदा मात्र ओतकामाचा, भट्टी घरामागच्या शेडमध्ये. कृती सोपी होती. घासकागदावर असते तसली खरखरीत भुकटी वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये मिसळायची आणि ओतेपर्यंत ढवळत राहायचं. ढवळणं थांबलं की जड भुकटी तळाला जाणार! सायकल कंपनीला नमुना पसंत पडला तर मोठी ऑर्डर, नाहीतर भट्टी विकून साडूच्या भांड्यांच्या दुकानात नोकरी. साडूने त्याच्या मापाचा ॲप्रनसुद्धा शिवून ठेवला होता!

मी सांगेन तेव्हाच बंद कर, असं बजावून ढवळणाऱ्या मोटरच्या बटणापाशी बायकोला उभं केलं आणि नेमका साडूचाच फोन आला.

"ॲप्रन? अरे, तो तूच घाल!" संशोधक अंगणात जाऊन गरजला. "मी काय करतो ते आता तू बघत... बस!"

बायकोला शेवटचा शब्द तेवढा ऐकू आला. तिने बटण बंद केलं आणि बिचारी स्टुलावर बसली. मुशीतली भुकटीही निवांत खाली बसली. फोन मात्र चांगला रंगला.

"मोटर बंद केलीस?"

"तुम्ही सांगितलंत तेव्हाच."

"शाबास!" फोनच्या तोऱ्यातच म्हणत त्याने वरचा धातू दांड्याच्या साच्यात ओतला. तळाशी चिखलासारखा घट्ट गोळा उरला. टाकवेना, म्हणून तो एका छोट्या कड्याच्या साच्यात दाबला. कडं निवाल्यावर सहज बोटात घालून पाहिलं.

घातलं ते घातलंच! साबण झाला, तेल झालं, ओढाओढीने बोट टम्म फुगलं. बायकोने करवत लावली, तर पात्याचे दात गेले आणि कड्यावर साधा ओरखडा नाही. एवढ्यात कंपनीच्या परीक्षक बाई दारात! त्याने हात खिशात कोंबला आणि हसत दांडा पुढे केला.

बाईंनी दांडा गुडघ्यावर ठेवून दाबला. त्याचं धनुष्य झालं!

"हा सायकलचा भाग आहे की चमचा?"

"अगं, ढवळलं होतंस ना?" संशोधकाचा आवाज चिरकला.

"तुम्हीच म्हणालात ना, बस!"

दुकान, काउंटर आणि साडूचं हसू, सगळं डोळ्यांपुढे आलं. मनापासून रडावंसं वाटलं. बाईंनी पर्स उचलली.

"जरा थांबा हो," बायको त्यांना म्हणाली आणि नवऱ्याकडे वळली. "काढा तो हात खिशातून! दुसरं पातं आणलंय. बोट काळं पडायला लागलंय तुमचं!"

बाईंनी हात पाहिला. बोथट पातं पाहिलं. पर्समधून कानस काढून कड्यावर घासली, तर कानसच गुळगुळीत झाली!

"अहो, हेच तर आम्हाला हवंय! एक नंबर! हे चाचणीत पास झालं की ऑर्डर तुमची!"

"खरंच?" संशोधकाची छाती पुन्हा फुगली. "चाचणी म्हणजे काय करता?"

"यंत्रात धरून दोन्हीकडून ओढतो. तुटेपर्यंत."

संशोधकाने हात पाठीमागे नेला. "पण... हे तर माझ्या बोटात आहे!"

"मग तुम्हीही चला," बाई म्हणाल्या. "वहिनी, नमुना घेऊन जाऊ ना? चार दिवसांत परत पाठवतो."

बायकोने करवत खाली ठेवली आणि घाम पुसला.

"न्या की! आणि परत पाठवायची एवढी घाई करू नका हं."