ट्रॅक्टर तासाने

शाळेतल्या कारकुनांनी यंदा ठरवलं, ट्रॅक्टर एकराने लावायचा नाही, तासाने लावायचा. बस्स, एवढंच ठरवलं. (माणसं याहून लहान गोष्टींनी गोत्यात येतात, पण ती निदान बायकोला आधी सांगत नाहीत.)

"एकराला चौदाशे, तासाला नऊशे," ते स्वयंपाकघराच्या दारात उभे राहून म्हणाले. "आपलं रान एक एकर. लागणार फार तर पाऊण तास. म्हणजे सातशेच्या आत काम! लोक येडे आहेत गं, एकराने देतात."

"अहो, डब्यात तीन हजार आहेत. त्यातले दीड हजार बियाण्याचे. ते ट्रॅक्टरने खाल्ले तर नांगरलेल्या रानाकडे वर्षभर नुसतं बघत बसू."

"हिशेबात तू पडू नकोस."

बायको गप्प कणीक मळत राहिली. ती गप्प बसली की कारकुनांना वाटायचं, आपण जिंकलो. लग्नाला अठरा वर्षं झाली तरी वाटायचं, बिचारे!

सकाळी ट्रॅक्टर रानात उतरला आणि कारकुनांनी घड्याळ बघितलं. आता प्रश्न आला खोलीचा. पाऊण तासात उरकायचं म्हणजे ट्रॅक्टरवाला नांगर वरवर फिरवणार, असं त्यांना वाटलं. म्हणून त्यांनी शाळेतली लाकडी फूटपट्टी आणली होती. दर दुसऱ्या फेरीला ते हात वर करत.

"थांब! सहाच इंच! आपलं नऊ ठरलंय."

"साहेब, पट्टी ढेकळावर टेकवलीय तुम्ही."

असं दहा-बारा वेळा झालं. ट्रॅक्टर जागेवर धडधडत उभा राही, डिझेल जाई, घड्याळ तर धावेच. तेराव्या वेळी कारकुनांनी पट्टी मातीत रोवली आणि घाम पुसायला ते बांधावर गेले. मागून नांगर गेला तो पट्टीवरूनच.

"अरे देवा! थांब, थांब! तिच्यावर नंबर आहे. शाळेच्या डेडस्टॉक रजिस्टरमध्ये नोंद आहे तिची!"

मग कारकून गुडघ्यांवर. ढेकूळ उचल, फोड, टाक. ट्रॅक्टरवालाही दयेने खाली उतरला. इंजिन मात्र चालूच, कारण बॅटरी उतरलेली, बंद केलं तर परत सुरू होण्याची खात्री नव्हती. पट्टी मिळाली. दोन तुकड्यांत मिळाली. नंबरही मधोमध तुटला होता.

काम संपलं तेव्हा तीन तास झाले होते. म्हणजे सत्तावीसशे. पैशांचा डबा घेऊन बायको बांधावर आली तेव्हा कारकुनांना तिच्याकडे बघवेना.

"अगं, माझं चुकलं. बियाणं गेलं यंदा."

"कुठं गेलं? बियाणं आहे तसंच आहे," असं म्हणत तिने ट्रॅक्टरवाल्याच्या हातावर चौदाशे ठेवले. "मी कालच यांच्या घरी जाऊन एकराने ठरवून आले."

कारकुनांना इतकं हायसं वाटलं की डोळेच भरून आले. "वा! मग मिटलंच की सगळं!"

"नाही साहेब," ट्रॅक्टरवाला मान खाली घालून म्हणाला. "शेत एकराने. आणि तुम्ही मधे मधे थांबवाल तेवढं तासाने. दीड तास झाला. वहिनी म्हणाल्या, ते पैसे तुमच्या पगारातून घ्यायचे."

"मला तासाने? का? मलाही एकराने लाव की!"

"अहो, कसं लावणार?" बायको डब्याचं झाकण लावत म्हणाली. "एकराने लावायला काहीतरी काम करावं लागतं."