तुकोजी अण्णांचा डावा हात

मी आज जो काही आहे तो तुकोजी अण्णांमुळे आहे, आणि तुकोजी अण्णांच्या डाव्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत एकही केस नाही. उजव्या हातावर दाट जंगल, डावा मात्र वांग्यासारखा तुळतुळीत.

बेंगळुरूजवळच्या बोम्मसंद्र्यात अण्णांचा ऑफिसांसाठी लाकडी कपाटं बनवायचा कारखाना आहे. पटाशीला धार चढली की नाही, हे ते हातावरचे केस भादरून पाहतात. केस उडाले तर पटाशी लाकडाला लागते, नाहीतर पुन्हा दगडावर.

मी पहिल्यांदा त्यांच्याकडे गेलो तेव्हा बी.कॉम.चं प्रमाणपत्र प्लास्टिकच्या पिशवीत घालून नेलं होतं. आमच्या घरात पदवी मिळवणारा मी पहिलाच. परांड्याहून निघताना आईने ते आधी देवापुढे ठेवलं आणि मग माझ्या हातात दिलं होतं. अण्णांनी ते दोन्ही हातांनी घेतलं, कपाळाला लावलं, परत दिलं आणि माझी बाही वर सारली.

"मार्क बरे आहेत," ते म्हणाले. "केस त्याहून बरे. माझं शेत संपत आलंय. उद्यापासून ये, ग्रॅज्युएट."

अण्णांचं घराणं कितीतरी पिढ्यांपासून बेंगळुरूचं. त्यांच्या मराठीत 'स्वल्प' म्हणजे थोडं आणि 'सरी' म्हणजे बरं, हे कानडी शब्द असे बसलेत, की ते काढले तर वाक्य कोसळेल. कंपन्यांशी पत्रव्यवहार करायला त्यांना माणूस हवा होता. माझं इंग्रजी वाचण्यापुरतं पक्कं होतं, बोलताना मात्र घशात अडायचं. अण्णांनी त्यावर उपाय सांगितला, "शब्द सापडला नाही तर कपाटाचा दरवाजा उघड आणि सावकाश बंद कर. गिऱ्हाईक आवाज ऐकत बसतं. तेवढ्यात शब्द येतो." पहिलं वर्ष मी बेंगळुरूतल्या बऱ्याच कपाटांचे दरवाजे उघडले आणि बंद केले. मग कधीतरी त्यांची गरज उरली नाही.

हत्यार विकत घ्यायला अण्णा जात नाहीत, ते हत्यार 'पाहायला' जातात. इस्त्रीचा शर्ट, कपाळावर गंध, आणि मुलाकडची मंडळी म्हणून मी. चिकपेटेतला दुकानदार "बन्नी अण्णा, बन्नी" म्हणत स्टूल पुढे करतो, पण त्याचा चेहरा पडतो. दुपार गेली, हे त्याला कळलेलं असतं. अण्णा ड्रिल चालू करून डोळे मिटतात.

"आवाज चढा आहे. आमच्यात नांदायची नाही."

"पण अण्णा, हिची ताकद सगळ्यांत जास्त आहे," मी खोक्यावरचं वाचून सांगतो.

"ताकद घेऊन काय करू? कपाट करायचंय, विहीर खोदायची नाही."

असं पाहूनसवरून घेतलेलं हत्यार चुकत नाही, असं मात्र नाही. एकदा लाकडात खाचा पाडायच्या एका भल्या मोठ्या राउटरवर त्यांचा जीव जडला. तो इतका जड निघाला, की आमच्यातल्या कोणालाही पेलेना. तो अजून कापडाखाली बसून आहे. कोणी हसलं तर अण्णा म्हणतात, "मोठ्या घरची आहे. रुळायला वेळ लागतो."

मोजमापाचीही हीच तऱ्हा. भिंत शेवटी मोजायची, आधी माणूस. साहेबाला खुर्चीत बसवायचं, डोळे मिटायला लावायचे आणि म्हणायचं, "आता फाइल घ्या." हात हवेत जिथे थांबेल तिथे फळी. एका ऑफिसात असाच एक ताडमाड मॅनेजर मोजला. कपाट पोचेपर्यंत त्याची बदली झाली आणि त्याच्या जागी आलेल्या गृहस्थांचा हात तिसऱ्या फळीच्या वर जाईना. मी घाबरून फोन केला.

"कपाट बरोबर आहे," अण्णा शांतपणे म्हणाले. "त्यांनी माणूस चुकीचा पाठवलाय."

तरी दोन दिवसांनी कपाटाच्याच रंगाचा एक सागवानी पाट त्यांनी स्वतः नेऊन दिला. ते गृहस्थ आता ऑफिसच्या सभेत त्याच्यावर उभे राहून भाषण करतात.

मारतहळ्ळीच्या एका कंपनीचा अख्खा मजला आम्ही कपाटांनी सजवला, आणि काम संपताना तिथल्या मॅडमनी मला नोकरी देऊ केली. त्यांच्या सगळ्या ऑफिसांच्या फर्निचरची देखभाल, स्वतंत्र टेबल, नावाची पाटी. परांड्याला कळवलं तर आई गल्लीभर साखर वाटेल, अशी नोकरी. पण अण्णांना सांगायला माझी जीभ रेटेना. अण्णांच्या पत्नी, आमच्या अक्का, जाऊन बरीच वर्षं झाली होती. मी ज्या दुपारी बाहेर असे, त्या दुपारी अण्णा डबा रंध्याशेजारी ठेवून उभ्यानेच जेवतात, हे मला माहीत होतं.

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी अण्णाच म्हणाले, "काय ग्रॅज्युएट, हो म्हणालास की नाही?"

"तुम्हाला कोणी सांगितलं?"

"त्या बाईने आधी मलाच विचारलं. पोरगा नेण्याआधी घरच्यांना विचारते, म्हणजे घराणं चांगलं. मी सांगितलं, मुलगा गुणी आहे, फक्त दरवाजे स्वल्प जास्त उघडतो."

"मी जात नाही, अण्णा."

अण्णा एवढे चिडलेले मी कधी पाहिले नव्हते. हातातला काटकोन तपासायचा गुण्या त्यांनी टेबलावर आपटला. "अय्यो, कपाट बनवून कारखान्यातच ठेवतात का रे? धूळ खायला?"

मग त्यांनी मला खुर्चीत बसवलं, डोळे मिटायला लावले आणि माझं माप घेतलं. माझ्या नव्या टेबलाशेजारचं कपाट त्यांनी कोणाला हात लावू न देता एकट्याने केलं. वर दोन दारं, खाली तीन खण. बसवायलाही स्वतः आले. निघताना रुमालाने उगाच एक फळी पुसत म्हणाले, "काही अडलं तर फोन करायचा नाही. फोनवर माणूस 'सरी, सरी' म्हणून ठेवून देतो. तक्रार कागदावर यायला हवी. कागद आला की मला यावंच लागतं."

मी तिथे रुजू झालो. आठवड्याने त्यांना हे पत्र पाठवलं.

"तीर्थरूप तुकोजी अण्णांस साष्टांग नमस्कार.

तक्रार अशी, की आपण दिलेल्या कपाटाचे वरचे दोन खण लोण्यासारखे सरकतात, पण तिसरा अर्ध्यावर येऊन अडतो. इथला सुतार म्हणाला, एक हात रंधा मारला की झालं. मी त्याला मारू दिला नाही. आपल्या कारखान्यातून अडणारा खण बाहेर पडलेला मी आजवर पाहिलेला नाही, तेव्हा यात काय मुद्दा आहे तो आपणच येऊन पाहावा.

शनिवारी दुपारी यावे. रंधा आणावा, डबा आणू नये.

एका खेपेत हे काम होईल असे मला वाटत नाही. घाई करू नये.

आपला,
ग्रॅज्युएट"