कान्होबा तरतो की बुडतो?

"गणपतराव, माझ्या तिसरीतलं एकही पोर यापुढे ऐकीव गोष्टीवर विश्वास ठेवणार नाही! आधी बघेल, अंदाज बांधेल, करून पाहील आणि मगच तोंड उघडेल!"

विश्वनाथ मास्तरांनी हे हेडमास्तरांना छाती काढून सांगितलं. छाती तशी बेताचीच होती, पण नॉर्मल स्कूलचं मास्तरकीचं ट्रेनिंग नुकतंच संपलेलं असल्यामुळे तिच्यात हवा भरपूर होती. हेडमास्तर गणपतरावांनी तोंडातलं पान एका गालातून दुसऱ्या गालात नेलं आणि म्हणाले, "करा बाप्पा. पन इस्कूल जागेवर राहू द्या, मंजे झालं."

आता हे त्यांनी गमतीनं म्हटलं नव्हतं. विश्वनाथ मास्तर हंगामी होते. सक्करदऱ्याची ती शाळा कमिटीची होती. कमिटी म्हणजे गावचे जमीनदार, मालगुजार बाबाराव, आणि बाबाराव म्हणजे त्यांच्या आई जिजाबाई! जिजाबाईंनी मान हलवल्याशिवाय त्या घरात चूल पेटत नसे आणि शाळेत मास्तर टिकत नसे. दिवाळीच्या आत मास्तरांना कायम करायचं की रस्ता दाखवायचा, ते ठरणार होतं. त्यातून मास्तरांचा जीव जिच्यावर जडला होता त्या देवकीच्या वडलांनी, म्हणजे रुपरावांनी, आधीच बजावून ठेवलेलं, "नोकरी पक्की झाली का पोरगी बी पक्की. तवापर्यंत माह्या वाड्याकडून चक्कर मारू नका." त्यामुळे मास्तर हल्ली झोपेतसुद्धा दचकून "जी, जी!" म्हणत.

तरीही त्यांनी तिसरीत प्रयोग सुरू केले. माणसाचं खरं प्रेम कशावर असतं, ते असंच कळतं!

पहिला धडा तरण्याबुडण्याचा. हेडमास्तरांचं घर शाळेच्या मागेच होतं. त्यांच्या पत्नी कुसुमताईंकडून मास्तरांनी तांब्याचं गंगाळ मागून आणलं, पाण्यानं भरलं आणि मुलांना भोवती बसवलं. एकेक वस्तू हातात धरायची, आधी अंदाज सांगायचा, मग पाण्यात सोडायची. लिंबू तरलं. खडा बुडला. वांगं तरलं, तेव्हा तर कवडू नावाच्या पोरानं अशी आरोळी ठोकली की चौथीच्या वर्गात पाढे थांबले! मग पितळेचा लोटा आला. तोही ऐटीत तरंगला. मागोमाग वाण्याच्या पोरानं आणलेलं पितळी वजन सोडलं, तर ते सरळ तळाला!

अनंत उभा राहिला. अनंत म्हणजे बाबारावांचा मुलगा, जिजाबाईंचा एकुलता एक नातू. "गुरुजी, लोटा पितळेचा, तो तरला. वजन बी पितळेचं, ते बुडलं. मंग पितळ तरते का बुडते?"

मास्तरांना त्याला उचलून नाचावंसं वाटलं. "शाब्बास! लोटा आतून पोकळ आहे, वजन भरीव आहे."

"मंग एखादी चीज आतून पोकळ हाय का भरीव, हे बाहेरून कसं समजावं?"

"समजावं कशाला? करून पाहावं! पाण्यात सोडावी! उद्या घरून पितळेची वस्तू आणा, आपण तपास करू!"

ते बोलले, खूश झाले, घरी गेले. त्या रात्री त्यांना म्हणे फार गाढ झोप लागली. ती शेवटचीच.

दुसऱ्या दिवशी सकाळीच कुसुमताई गंगाळ घेऊन गेल्या. त्याच्या पुढच्या दिवशी गोकुळाष्टमी होती, घरची भांडी घासायची होती. मास्तर वर्गात म्हणाले, "हरकत नाही, प्रयोग सणानंतर करू." ते विसरूनही गेले. पण मुलं विसरत नाहीत, हे ट्रेनिंगात शिकवायचं राहिलं होतं!

मधल्या सुट्टीनंतर मास्तर वर्गात आले, तर तिसरी चिडीचूप. तिसरीचा वर्ग शांत बसला म्हणजे एकतर साप निघालाय, नाहीतर साप बरा असं काहीतरी झालंय!

"काय झालं?"

अनंतानं मान खाली घातली. "गुरुजी, भरीव हाय."

"काय भरीव आहे?"

"कान्होबा."

"कोणता कान्होबा?"

"आमच्या देवघरातला. आजीचा."

जिजाबाईंचा रांगता पितळी कान्होबा साऱ्या सक्करदऱ्याला माहीत होता. उद्या तोच पाळण्यात बसायचा होता. आज दिवेलागणीला त्याला जिजाबाई स्वतःच्या हातानं न्हाऊ घालणार होत्या. मास्तरांनी भिंत धरली.

"आणि तो आत्ता... कुठे आहे?"

"गंगाळ नोतं, मंग इस्कूलच्या विहिरीत सोडला."

कवडूला राहवेना. तो अभिमानानं म्हणाला, "सुतळी बांधून सोडला व्हता गुरुजी! तरला तं तरला, बुडला तं वर ओढून घेऊ. पन सुतळीच तुटली ना!"

विश्वनाथ मास्तर वर्गात मोठं शुद्ध बोलत. पण घाबरले की ट्रेनिंगची मराठी आंब्याच्या मोहरासारखी झडून जाई आणि खाली भंडाऱ्याकडचं पोरगं उरे. "अरे पोट्टेहो! काहून रे असं केलं?"

"तुमीच तं म्हनलं, करून पाहा!"

मास्तर विहिरीकडे धावले आणि मागून सगळी तिसरी धावली. श्रावणातली विहीर, काठावरून पाण्याला हात लागेल इतकी भरलेली. पाणी हिरवंगार. आत बघावं तर स्वतःचंच तोंड दिसे, तेही रडवेलं! मास्तरांनी पडलेल्या बादल्या काढायचा लोखंडी गळ दोराला बांधून आत सोडला. वर आला तो चिखल. पुन्हा सोडला. एक फुटकी घागर आली. "नेमका गेला कुठे असेल?" मास्तर स्वतःशीच पुटपुटले.

"गुरुजी, दुसरा देव टाकून पाहू!" कवडू म्हणाला. "तो कुठी जाते ते दिसन, मंग पहिला बी तिथीसाच भेटन!"

"खबरदार! कोणाच्याही देवाला हात लावशील तर!"

"मंग देव नको. पितळेचं दुसरं काही?"

मास्तर गळ सोडवण्यात गुंतले होते. त्यांनी नुसतं "हं" केलं. माणसानं संकटात असताना "हं" करू नये! पाठीमागून 'डुबुक!' असा आवाज आला. वळून बघतात तो कवडू काठावर वाकून पाण्यातले बुडबुडे न्याहाळत होता.

"काय टाकलं रे?"

"इस्कूलची घंटी. वजनाले अगदी कान्होबाएवढीच हाय गुरुजी! दोन हातांत धरून अंदाज घेतला ना मी. आन् तिथूनच सोडली, जिथून त्याले सोडलं व्हतं!"

तपासाची पद्धत अगदी निर्दोष होती. मास्तरांना त्या क्षणीही ते कळलं, आणि आपल्याला कौतुक वाटतंय हे कळून ते जास्तच घाबरले.

इकडे शाळा सुटायची वेळ झाली. गणपतराव ओसरीवर आले. खुंटी रिकामी! "घंटी कुठी हाय?"

"ती... तपासासाठी घेतली आहे," मास्तर लांबूनच म्हणाले.

"मंग सुट्टी कशी होईन?"

"तुम्ही नुसतं तोंडानं सांगा ना, जा म्हणून."

गणपतरावांनी असं बघितलं, जणू मास्तरांनी लंगोटीवर कमिटीला भेटायला सांगितलं होतं! "माह्या इस्कूलमंदी आजवर घंटीबिगर पोट्टं सुटलं नाही. आजबी सुटनार नाही!" आणि बाकीचे तिन्ही वर्ग दप्तरं काखोटीला मारून बसून राहिले. सुटेनात.

मुलं घरी येईनात, तशा आया फाटकाशी जमल्या. एक म्हणाली, "काहून सोडून नाही राहिले वं?" दुसरी म्हणाली, "देवी टोचनारे आले असतीन." तिसऱ्या एका बाईनं आत डोकावलं. तिला विहिरीत दोर सोडलेला दिसला आणि भोवती रडवेली पोरं दिसली. मग काय! बातमी निघाली ती वाऱ्यासारखी. पहिल्या वळणावर "विहिरीत काहीतरी पडलं" होतं. पिंपळापाशी "विहिरीत पोट्टं पडलं" झालं. बाबारावांच्या दारात पोचेपर्यंत "तुमचा अनंता विहिरीत पडला!"

मास्तरांना यातलं काहीच माहीत नव्हतं. त्यांनी धोतराचा काचा मारला, कमरेला दोर बांधला, दोराचं टोक गणपतरावांच्या आणि चौथीतल्या थोराड पोरांच्या हाती दिलं. वैनगंगेच्या काठचे असल्यामुळे पोहणं त्यांना येत होतं. पण नदीच्या तळाशी मालगुजाराचा देव कधी शोधला नव्हता! नाक दाबून त्यांनी उडी घेतली.

वर आले तेव्हा हातात घंटा होती. कवडूचा अंदाज बरोबर ठरला! गणपतरावांनी ती घंटा पाण्यासकट हिसकावली आणि तिथल्या तिथे बडवली. 'ठण् ठण्' ऐवजी 'ठ्ळक् ठ्ळक्' वाजली, पण वाजली. चारही वर्ग आरोळ्या ठोकत सुटले. घरी कोणीच गेलं नाही. सगळी शाळा आणि फाटकातल्या आया विहिरीभोवती गोळा झाल्या.

मास्तरांनी पुन्हा बुडी मारली. घंटा सापडली तिथेच चाचपडलं. गाळ, खापर, आणखी गाळ... छाती फुटायला आली. आता वर जाऊन गाव सोडावं, एवढाच विचार डोक्यात होता. आणि बोटांना गुळगुळीत पाठ लागली! लहानशी, रांगती पाठ!

त्याच वेळी जिजाबाई फाटकातून आत शिरल्या. अनवाणी, पदर सुटलेला, "माहा अनंता! माहा अनंता वं!" असा टाहो फोडत. मागे बाबाराव, त्यांच्या मागे अर्धं सक्करदरा आणि त्यात रुपरावही! गर्दी दुभंगली. समोर अनंत उभा, धडधाकट, कोरडा, हातात दोराचं शेपूट धरून. जिजाबाईंनी त्याला असं कवटाळलं की त्याचा श्वास कोंडला. बुडायचा धोका त्याला त्या दिवसभरात पहिल्यांदा तिथेच उद्भवला!

"तू तं विहिरीत पडला व्हता ना रे?"

"मी नाही आजी. कान्होबा."

आणि नेमकं तेव्हाच पाणी फुटलं. दोरानं ओढले जात विश्वनाथ मास्तर गळ्यापर्यंत पाण्याबाहेर आले. डोळे मिटलेले, केसांत शेवाळ, आणि दोन्ही हात डोक्याच्या वर. हातांत चमचमणारा कान्होबा! आपलं काहीही होवो, हा पुन्हा निसटू नये म्हणून त्यांनी तो तसा धरला होता.

मास्तरांनी डोळे उघडले. पुढ्यात जिजाबाई! संपलं, त्यांच्या मनात आलं. नोकरी संपली, देवकी संपली, आता पुन्हा खालीच जावं हे बरं.

जिजाबाईंनी दोन्ही हात जोडले. "वसुदेव!" त्या पुटपुटल्या. मग आवाज चढला. "पाह्यलं का बाया हो? अष्टमीच्या आदल्या दिवशी! लेकरू घेऊन वसुदेव पान्यातून आला! माह्या नातवाचं मरन व्हतं या विहिरीत. त्याच्या बदली माहा कान्होबा उतरला!"

"आजी, खरं सांगायचं तर," मास्तर दात वाजवत म्हणाले, "सुतळी तुटली आणि..."

"तुटली नाही गा! त्यानं तोडली!"

कोणीतरी विहिरीच्या काठाला कुंकू लावलं. कुठूनसा नारळ आला. बाबारावांनी स्वतः हात देऊन मास्तरांना वर घेतलं, आपलं उपरणं त्यांच्या खांद्यावर टाकलं आणि आईकडे बघितलं. आईनं मान हलवली. "मास्तर," बाबाराव म्हणाले, "तुम्ही आता इथून कुठी जात नाही. कायमचे!" गर्दीत रुपरावांनी सगळ्यांच्या आधी टोपी काढली. अंगावरून पाणी निथळत असताना मास्तरांच्या मनातही काहीतरी विरघळून गेलं.

तेवढ्यात कुणीतरी त्यांच्या ओल्या धोतराला ओढलं. अनंत होता. मागे कवडू, आणि त्याच्या मागे अख्खी तिसरी, कान टवकारून.

"गुरुजी, आजी म्हनते तो माह्या बदली उतरला. पन मी तं विहिरीत पडलोच नोतो. त्याले आपनच सोडलं, सुतळी कच्ची व्हती. मंग खरं कोनतं?"

मास्तरांनी अनंताकडे बघितलं. त्याच्या डोक्यावरून जिजाबाई दिसत होत्या, जिजाबाईंच्या शेजारी बाबाराव, आणि त्यांच्या मागे हात जोडून उभे असलेले भावी सासरे.

"फार उत्तम प्रश्न आहे," मास्तर शुद्ध मराठीत म्हणाले. "यावर आपण सोमवारी सविस्तर बोलू."

सोमवारी त्यांनी वर्गात भूगोल काढला. सातपुड्याच्या रांगा अगदी नीट समजावून सांगितल्या. नद्या मात्र गाळल्या.