तोंडाची वाफ

शिवप्पा अण्णांची आणि माझी ओळख झाली ती माझ्या अंगठीमुळे. भवानी पेठेत आम्ही नवीनच राहायला आलो होतो. सामान अजून टेम्पोतच होतं, आणि शेजारच्या घरातून पांढऱ्या धोतरातले एक गृहस्थ पुढे आले. मला वाटलं, हात मिळवायला येताहेत. त्यांनी माझा हात धरला, तोंडाजवळ नेला आणि अंगठीतल्या खड्यावर "हाऽऽ" करून वाफ सोडली. मग ओठांतल्या ओठांत काहीतरी मोजलं, माझा हात मला परत दिला आणि म्हणाले, "सुळ्ळु."

सुळ्ळु म्हणजे कानडीत खोटं. अंगठी सासऱ्यांनी हिऱ्याची म्हणून दिलेली होती आणि माझी बायको टेम्पोपाशीच उभी होती. नव्या घरात त्या दिवशी चूल पेटली नाही.

पुढे कळलं, की ही परीक्षा गल्लीत सगळ्यांचीच झालेली आहे. हिऱ्यावर वाफ टिकत नाही, सोडली की लगेच उडते. काचेवर ती चार मोजेपर्यंत बसून राहते. हे शास्त्र अण्णांनी आमच्या गल्लीतल्या पोराटोरांनाही पाठ करून घेतलं होतं. स्वतः अण्णांचं आयुष्य गेलं चादरींच्या दुकानात. हिऱ्यांशी त्यांचा संबंध तेवढा या वाफेपुरता. पण गल्लीत कुणाकडे लग्न निघालं, की सराफाकडे जाताना अण्णांना रिक्षात घेतल्याशिवाय कुणी हलत नसे. सराफही हुशार. अण्णा पायरी चढताना दिसले की आधी चहा मागवायचे, म्हणजे तोंड तेवढा वेळ गुंतलेलं राहील.

एकदा एका दुकानात पोरगा म्हणाला, "आजोबा, हा अमेरिकन डायमंड आहे." अण्णा म्हणाले, "एवढ्या लांबनं आला, तरी सुळ्ळुच की." पण दुसऱ्या एका दुकानात त्यांना प्रयोगशाळेत तयार केलेला हिरा दाखवला, तर त्याच्यावरची वाफ चटकन उडाली. अण्णांनी पुन्हा एकदा हाऽऽ करून पाहिलं. परतताना रिक्षात म्हणाले, "साहेब, चादर बी कारखान्यातच बनती की. तिला कुटं कोन खोटी म्हनतंय?" मी कचेरीतला साधा कारकून, पण अण्णांसाठी साहेबच.

एका साखरपुड्यात त्यांनी वरपक्षाच्या अंगठीवर वाफ सोडली आणि दोन्हीकडची मंडळी जेवणं होईपर्यंत एकमेकांशी बोलेनात. मी अण्णांना म्हटलं, कशाला उगाच तोंडाची वाफ दवडता? तर म्हणाले, "मी कुटं काय बोललो? खडा बोलला."

या तपासणीतून सुटलेली गल्लीत एकच वस्तू होती, ती म्हणजे अण्णांच्या बायकोच्या, गौराक्कांच्या नाकातली चमकी. अक्का सगळ्यांना न विचारता सांगायच्या, "लग्नातली हाय. हिरा हाय." नव्या सुनांना तर त्या नाव विचारायच्या आधी हे सांगत. माझ्या बायकोने एकदा खोडसाळपणे अण्णांना विचारलंच, की अक्कांच्या चमकीवर वाफ सोडली का कधी? अण्णा म्हणाले, "घरच्या मानसाची परीक्षा घेत नसतेत." आणि चप्पल घालून बाहेर निघून गेले.

यंदा अक्कांना मोतीबिंदू झाला. अण्णा गल्लीत सांगत फिरले, की एवढा एकच मोती मी वाफ न सोडता खरा मानला. ऑपरेशनच्या दिवशी अक्कांना अंगावरचे दागिने उतरवायला लावले. चमकी अण्णांच्या हातात आली. अक्कांजवळ लेक बसली होती. अण्णा तिथून निघाले ते थेट माझ्या दारात.

"साहेब, सराफाकडं चला की."

रिक्षात बसल्यावर त्यांनी मूठ उघडली. चमकी घामाने ओली झाली होती.

"सुळ्ळु हाय," अण्णा म्हणाले.

लग्नाआधी ते बार्शीला गेले असताना एका फिरत्या माणसाकडून त्यांनी ती हिऱ्याची म्हणून घेतली होती. सहा महिन्यांनी खडा हलायला लागला म्हणून सोनाराला दाखवली. सोनाराने तिच्यावर वाफ सोडली, चार मोजले आणि काच आहे म्हणून परत दिली. तोवर अक्का सगळ्या नात्यागोत्यात सांगून बसल्या होत्या. अण्णांना तोंड उघडवेना. निदान दुसऱ्या कुणाची अशी फसगत होऊ नये, म्हणून ते जन्मभर हाऽऽ करत हिंडले.

"इतके दिस डोळ्यावर पडदा हुता. उद्या पट्टी सुटली की आरसा मागंल. स्वच्छ दिसंल तिला."

मला खरं तर हसू यायला हवं होतं. खडा नुसत्या नजरेने ओळखता आला असता, तर अण्णांच्या वाफेला विचारलं कुणी असतं? पण त्यांनी चमकीवर मूठ पुन्हा घट्ट मिटली आणि मला हसवेना.

सराफाने जुना खडा काढला आणि त्याच मापाचा खरा हिरा बसवला. मग चमकी अण्णांसमोर धरली. अण्णांनी तोंड उघडलं, पण वाफच येईना. "तुमी सोडा," ते म्हणाले. मी सोडली. ती लगेच उडाली. जुना खडा त्यांनी कागदाच्या पुडीत बांधून सदऱ्याच्या खिशात ठेवला.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी अक्कांना बघायला गेलो. पट्टी सुटली होती, काळा चष्मा आला होता. लेकीने चमकी त्यांच्या हातावर ठेवली. अक्कांनी चष्मा वर सरकवला, चमकी तोंडाजवळ नेली आणि हाऽऽ केलं. अगदी अण्णांसारखं.

"ही माजी न्हाय," त्या म्हणाल्या.

"तुजीच हाय की," कॉटशेजारी उभे असलेले अण्णा म्हणाले.

"माज्या चमकीवर वाफ ऱ्हाती. चार मोजूस्तवर."

अण्णा कॉटच्या कडेला बसले. त्यांनी विचारलं, "तुला ठाव हुतं?"

"समद्या गल्लीला शिकवत हिंडलात. मी काय भैरी हाय व्हय?"

"मग हिरा हाय, हिरा हाय, म्हनून सांगत का सुटलीस?"

"कुनी इचारायच्या आदी सांगत हुते. शिवप्पाला फसवलं, असं कुनी म्हनू नये म्हनून."

मी खिडकीकडे पाहू लागलो. माझ्याच डोळ्यांचं काहीतरी बिनसलं होतं.

अक्कांनी हात पुढे केला. "माजा खडा कुटं हाय? ह्यो नवा लेकीला ऱ्हाऊ द्या." अण्णांनी खिशातून पुडी काढली.

संध्याकाळी आम्ही दोघं पुन्हा त्याच सराफाकडे गेलो. काढलेला हिरा त्याने लेकीसाठी वेगळ्या पुडीत दिला आणि काच पुन्हा कोंदणात बसवली. चांगला हिरा काढून लोक काच का बसवून घेतात, हे त्याला कळेना आणि आम्हीही सांगितलं नाही. त्याने चमकी पुढे केली. अण्णांनी तिच्यावर वाफ सोडली आणि मोजायला लागले. वाफ चारपर्यंत बसून राहिली.

"हीच," अण्णा म्हणाले.